बोर्ड आऊट होऊन घरी आलाय आणि कागदावर ‘सेवेशी संबंध नाही’ लिहिलंय? डिसॅबिलिटी पेन्शनसाठी काय काय करायचं ते सांगते

माझे मिस्टर फौजेत ११ वर्षं होते. २०११ साली फिटच्या आजारामुळे बोर्ड आऊट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवल्यामुळे सर्व्हिस सुटून, सोलापूरला आले, सोबत एक काळी ट्रंक आणि एका लिफाफ्यात चार कागद. त्यातल्या एका कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की ह्या आजाराचा फौजेच्या नोकरीशी काही संबंध नाही. मी बारावी झालेय, मला ते वाचता आलं, पण त्या एका ओळीमुळे महिन्याला किती पैसे जातात आणि ती ओळ बदलता येते हे कळायला मला पाच वर्षं लागली. ती पाच वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, पण एवढ्या वर्षांत आमच्यासारख्या बऱ्याच घरांचे कागद बघून झालेत, मोहोळ, माढा, बार्शी, सांगोला, सगळीकडची माणसं विचारायला येतात, आणि प्रश्न सगळ्यांचा जवळपास एकच असतो.

आधी आमचं सांगते म्हणजे पुढचं समजेल. घरी आल्यावर मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले, माजी सैनिक म्हटल्यावर लगेच घेतलं. चौथ्या महिन्यात गेटवरच फिट आली, पडले, कपाळाला सात टाके. मालक माणूस म्हणून चांगला होता पण म्हणाला वहिनी उद्या हे मशीनजवळ पडले तर मी कुणाला तोंड दाखवू. मग एटीएमवर रात्रपाळी धरली, पण रात्रीची झोप मोडली की फिट वाढतात हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, तीही सुटली. गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही, मशीनवर बसायचं नाही, मग सोलापुरात काम उरतं कुठलं सांगा. मी विड्या वळल्या, शिलाई केली, पोरांची शाळा चालू ठेवली.

ह्या सगळ्यात मला पक्कं वाटायचं की माणसाला काम जमत नाही एवढं सिद्ध केलं की सरकार पैसे देईल. म्हणून मी पहिला अर्ज लिहिला तो असा, साहेब ह्यांना कुठेच नोकरी टिकत नाही, घर चालत नाही, कृपा करावी. चार पानं लिहिलं होतं, रडून रडून. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं, नियमात बसत नाही. तेव्हा लई वाईट वाटलं पण आता कळतंय की मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर लिहीत होते.

हे नीट समजून घ्या कारण सगळा घोळ इथंच होतो. यूट्यूबवर अमेरिकेच्या माजी सैनिकांचे व्हिडिओ फिरतात, आपली पोरं ते बघून विचारतात की काकू टीडीआययूचा फॉर्म कुठं मिळतो. ते अमेरिकेचं आहे. तिकडं सर्व्हिसमधल्या आजारामुळे माणूस पोटापुरती नोकरी टिकवू शकत नसेल तर टक्के १०० नसले तरी त्याला १०० टक्क्यांच्या दरानं पैसे मिळू शकतात, त्यासाठी साधारण एकच आजार ६० टक्के पाहिजे किंवा सगळे मिळून ७० आणि त्यात एक तरी ४० चा. आपल्याकडे असा वेगळा क्लेम नाही. आपल्याकडे मेन दोन गोष्टी बघतात, आजार किंवा इजा फौजेच्या नोकरीमुळे झाली का किंवा नोकरीमुळे वाढली का, आणि टक्के किती. तुम्हाला नोकरी आहे का नाही हे त्यात विचारत नाहीत. ह्याची उलटी बाजूपण आहे जी लोकांना माहीत नसते, डिसॅबिलिटी पेन्शन चालू असताना तुम्ही बाहेर काम धरलं तरी ते पेन्शन बंद होत नाही. आमच्या ओळखीतले एक दादा ह्या भीतीनं दोन वर्षं घरी बसून होते, अंगात ताकद असून. पेन्शन जाईल म्हणून काम टाळू नका.

‘नागरी नोकरीसाठीपण अयोग्य’ हा मुद्दा आपल्याकडे एका ठिकाणी येतो, ते खाली सांगते, १० वर्षांची सर्व्हिस व्हायच्या आत घरी आलेल्यांसाठी आहे.

पहिलं काम कागद

अर्ज लिहायला बसायच्या आधी कागद जमवा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) असेल तर तो, क्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र (त्याच्यावरची तारीख महत्त्वाची), आणि सगळ्यात मोठा कागद म्हणजे मेडिकल बोर्डाची प्रोसीडिंग. बोर्ड आऊट झालेल्यांचं असतं ते इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, आणि जे टर्म संपवून लो मेडिकल कॅटेगरीत (तब्येतीचा दर्जा खाली आलेला असताना) रिटायर झाले त्यांचं रिलीज मेडिकल बोर्ड. फॉर्म दोघांचा एएफएमएसएफ-१६. बऱ्याच जणांकडे हा पूर्ण नसतो, नुसतं एक पान असतं किंवा तेपण नाही.

नसेल तर आरटीआय टाका. पोस्टातून १० रुपयांची इंडियन पोस्टल ऑर्डर घ्यायची, किंवा केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून करायचं, आणि आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला पाठवायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं सागर, आर्टिलरीचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, सिग्नलचं जबलपूर, ईएमईचं सिकंदराबाद. ज्यांचं माहीत नाही त्यांनी डिस्चार्ज बुक बघा, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अर्जात मोघम ‘सगळे कागद द्या’ लिहू नका, एक एक नाव लिहा. भरतीच्या वेळची मेडिकल तपासणी, मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग सगळ्या पानांसकट, कॅटेगरी खाली आली तेव्हाचे बोर्ड, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झालेल्याचे केसपेपर, कमांडिंग ऑफिसरचं स्टेटमेंट, कुठं कुठं पोस्टिंग होतं त्याची यादी तारखांसकट. ज्यांना इजा झाली त्यांनी इंज्युरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-२००६ आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी मागावी. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर त्यांच्याच वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. आम्हाला पहिल्यांदा फक्त तीन पानं पाठवली होती, अपील केल्यावर बाकीची एकवीस आली.

आणि घाई का करायची ते ऐका. ज्यांना पेन्शनच लागलं नाही अशांचे सर्व्हिसचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, तसा त्यांचा नियम आहे, पेन्शनरचे ५० वर्षं ठेवतात. एक मावशी आल्या होत्या, मिस्टर १९८९ ला घरी आलेले, पाच वर्षांची सर्व्हिस, पेन्शन नाही, आता रेकॉर्ड ऑफिस म्हणतंय कागद नाहीत. त्यांच्याकडे घरी डिस्चार्ज बुक होतं पत्र्याच्या डब्यात, तेवढाच आधार. तुमच्या घरी जे काय पिवळं पडलेलं असेल ते फेकू नका, झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो काढून पोरांनापण पाठवून ठेवा.

बोर्डाचा कागद कसा वाचायचा

फॉर्म बघून घाबरायला होतं पण बघायचं तीनच ठिकाणी. एक, टक्के किती आणि किती काळासाठी. दोन, अट्रिब्युटेबल का, अग्रॅव्हेटेड का, ह्याच्या पुढं हो आहे का नाही. तीन, नाही लिहिलं असेल तर कारण काय दिलंय. अट्रिब्युटेबल म्हणजे नोकरीमुळे झालं, अग्रॅव्हेटेड म्हणजे होतं किंवा आपोआप झालं पण नोकरीनं वाढवलं. ह्यातलं एक जरी ‘हो’ असेल तरी चालतं. दोन्ही ‘नाही’ असेल तर त्याला फौजी लोक नाना म्हणतात, नायदर अट्रिब्युटेबल नॉर अग्रॅव्हेटेड. बहुतेक भांडण ह्या नानाचंच असतं.

आता कारणाचा रकाना. आमच्या कागदावर दोन शब्द होते, कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर. म्हणजे शरीराच्या जडणघडणीतलाच आजार. काहींच्या कागदावर असतं की पीस स्टेशनवर (सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी) सुरू झालं म्हणून संबंध नाही. बीपी, शुगर, मानसिक आजार, फिट, ह्यांच्यात हे लई बघायला मिळतं. बस तेवढंच लिहिलेलं असतं, का, कशावरून, काही नाही. हे वाचून लोक खचतात. माझं म्हणणं असं की कारण जितकं त्रोटक तितकी तुमची बाजू मजबूत, आणि हे मी मनानं सांगत नाही.

कायदा तुमच्या बाजूनं काय म्हणतो

१९८२ चे एंटायटलमेंट रूल्स आहेत (१ जानेवारी २००८ पासून बाहेर पडलेल्यांना २००८ चे लागतात), १९८२ च्या नियमांत असं धरलंय की भरतीच्या वेळी माणूस तपासून घेतला आणि कागदावर कुठलाच आजार नोंदवला नाही तर तो तेव्हा ठणठणीत होता. नंतर आजारामुळे घरी पाठवलं तर तो नोकरीमुळेच खराब झाला असं समजायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी त्यांची, सैनिकाची नाही. सुप्रीम कोर्टानं २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलं. तो जवानपण फिटचाच पेशंट, १९८५ ला भरती, १९९४ ला २० टक्क्यांवर बोर्ड आऊट, त्यालापण कॉन्स्टिट्यूशनल लिहून क्लेम नाकारला होता. कोर्ट म्हणालं मेडिकल बोर्डानं कारणं द्यायला पाहिजेत, भरतीच्या वेळी हा आजार का ओळखता आला नाही तेपण सांगायला पाहिजे, नुसतं मत चालणार नाही. २०१४ ला सुखविंदर सिंगच्या केसमध्ये कोर्टानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की आजारामुळे घरी पाठवलंय म्हणजे डिसॅबिलिटी २० टक्क्यांच्या वरच धरायची. आणि २०१५ ला राजबीर सिंगच्या केसमध्ये धरमवीरचाच मुद्दा परत मान्य झाला.

मला ही केस कशी कळली तर सैनिक कल्याण कार्यालयात नंबर लागायची वाट बघत बसले होते, शेजारी एक रिटायर सुभेदार काका. त्यांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, काय करलालाव ओ वहिनी तुम्ही, हे रडगाणं कशाला लिहिलाव, धरमवीर सिंगचं जजमेंट लावा की ओ. त्यांनी माझ्या वहीत नाव आणि साल लिहून दिलं. त्या काकांचे उपकार आम्ही विसरत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झालेत. त्या तारखेनंतर जे बाहेर पडले त्यांच्यासाठी भाषा बदलली, टर्म पूर्ण करून डिसॅबिलिटीसकट रिटायर होणाऱ्यांना आता इम्पेअरमेंट रिलीफ असा शब्द आलाय. म्हणून तुमची बाहेर पडल्याची तारीख आधी बघा आणि मगच कुणाच्या तरी जुन्या अर्जाची कॉपी मारा. जुन्यांना जुने नियम.

पैशाचा हिशोब

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग, सर्व्हिस एलिमेंट आणि डिसॅबिलिटी एलिमेंट. दुसरा भाग १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो आणि खाली त्या प्रमाणात. पगार म्हणजे इथं पेन्शनसाठी धरतात ती रक्कम. समजा ती ४०,००० आहे. ३० टक्के डिसॅबिलिटी असेल तर ९ टक्के म्हणजे ३,६०० रुपये. पण इथं ब्रॉड बँडिंग येतं, संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं पत्र आहे, १ जानेवारी १९९६ पासून लागू. त्यात ५० च्या आतलं ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, आणि ७६ पासून पुढं १००. म्हणजे ३० टक्केवाल्याला ५० धरून १५ टक्के, ६,००० रुपये, वर महागाई भत्ता. महिन्याला २,४०० चा फरक नुसत्या ह्या एका पत्रानं पडतो. हे पत्र बोर्ड आऊट झालेल्यांसाठी होतं, पण १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं टर्म संपवून रिटायर झालेल्यांनापण ते दिलं, फक्त त्यांची डिसॅबिलिटी २० टक्के तरी पाहिजे आणि नोकरीशी संबंध मान्य झालेला पाहिजे. तुमच्या पीपीओवर अजून २०, ३०, ४० असेच टक्के दिसत असतील तर आजच अर्ज करा, ह्याला भांडायचीपण गरज पडत नाही कधी कधी.

लढाईत, ऑपरेशनमध्ये जखमी झालेल्यांचं वेगळं, त्याला वॉर इंज्युरी पेन्शन म्हणतात आणि दर बराच जास्त आहे. आणि १०० टक्केवाला माणूस अंथरुणावर असेल, सतत कुणीतरी जवळ लागत असेल तर मेडिकल बोर्डाच्या शिफारशीवरून कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मिळतो, सातव्या वेतन आयोगात तो महिन्याला ६,७५० केला आणि महागाई भत्ता वाढला की पुढं वाढत जातो. हा मागावा लागतो. आपल्या जिल्ह्यात पाठीच्या कण्याचे पेशंट आहेत ज्यांच्या बायका रात्रंदिवस त्यांना कूस बदलून देतात आणि त्यांना हा भत्ता आहे हे ठाऊकच नाही, मला ते बघवत नाही.

अपील कसं लिहायचं

क्लेम नाकारल्याच्या पत्रापासून ६ महिन्यांत पहिलं अपील, ते फर्स्ट अपिलेट कमिटीकडे जातं, रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवायचं. तेपण नाकारलं तर परत ६ महिन्यांत दुसरं, सेकंड अपिलेट कमिटीकडे. मुदत गेली असली तरी पाठवा, उशीर का झाला ते खरं खरं लिहा. आम्ही तर पाच वर्षांनी पाठवलं.

लिहायचं इंग्रजीत किंवा हिंदीत, छोटं, दीड पान. सगळ्यात वर नाव, आर्मी नंबर, रँक, रेजिमेंट, भरतीची तारीख, घरी आल्याची तारीख. मग गोष्ट सरळ तारखांनी. आमच्या अर्जाचा गाभा असा होता: ‘मी अमुक तारखेला भरती झालो, तेव्हाच्या तपासणीत मला फिटचा किंवा कुठलाही आजार नोंदवलेला नाही. माझ्या घरात कुणालाही हा आजार नाही. मला पहिली फिट अमुक तारखेला, सर्व्हिस चालू होऊन आठव्या वर्षी, फील्ड पोस्टिंगवर असताना आली. त्याआधी सलग एवढे दिवस रात्रीची ड्युटी होती. बोर्डानं संबंध नाही म्हणताना कुठलंही कारण दिलेलं नाही. भरतीच्या वेळी आजार का दिसला नाही हेही लिहिलेलं नाही. नियमाप्रमाणे आणि धरमवीर सिंग निकालाप्रमाणे संशयाचा फायदा मला मिळावा आणि ब्रॉड बँडिंगसह पेन्शन मंजूर व्हावं.’ खाली सही मिस्टरांची. तुम्ही बायकोनं लिहिलं तरी सही सैनिकाचीच पाहिजे. सोबत झेरॉक्स, आणि स्पीड पोस्टानं पाठवून पावती डिस्चार्ज बुकात ठेवा. पावती म्हणजे तुमची तारीख, आणि पुढं सगळं तारखेवर चालतं.

वॉचमनची नोकरी गेल्याचं पत्र, सिव्हिलचे ओपीडी पेपर, टाके घातल्याचा कागद हे लावू का असं सगळे विचारतात. लावा, पण मागं लावा. त्यानं संबंध सिद्ध होत नाही, फक्त आजार अजून आहे आणि किती त्रास देतो हे दिसतं, जे टक्के वाढवून मागताना उपयोगी पडतं. सिव्हिलमधून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, हे फौजेच्या टक्क्यांपेक्षा पूर्ण वेगळं आहे, एकाचे टक्के दुसऱ्याला चालत नाहीत, एसटीच्या सवलतीला वगैरे ते कामाला येतं तेवढ्यासाठी जरूर काढा.

अपघात सुट्टीत झाला असेल तर एक बघा. ड्युटीच्या ठिकाणाहून सुट्टीवर घरी येताना किंवा परत जाताना प्रवासात झाला असेल तर क्लेमला बळ आहे. घरी येऊन शेतात किंवा गावात फिरताना झाला असेल तर अवघड जातं, नोकरीशी धागा जोडता आला पाहिजे, खोटी आशा देत नाही.

ट्रिब्युनल

अपील नाकारलं, किंवा ६ महिने झाले आणि उत्तरच नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. २००७ चा कायदा, ट्रिब्युनल २००९ पासून चालू. आपल्या महाराष्ट्राला मुंबईचं बेंच आहे, मलबार हिलला. आम्ही रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जायचो, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनवर तोंड धुवायचं, मी घरून भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यायची, आणि टॅक्सीनं वर. प्रत्येक तारखेला जायलाच पाहिजे असं नाही, वकील असला की तो बघतो, पण आम्ही पहिल्या दोन तारखांना गेलो कारण मिस्टरांना स्वतःच्या डोळ्यानं बघायचं होतं की आपलं म्हणणं कुणीतरी ऐकतंय.

वकिलाबद्दल स्पष्ट बोलते. ठरलेली फी द्या, लेखी घ्या. थकबाकीच्या २५ टक्के, ३० टक्के मागणारे एजंट गावोगाव फिरतात, आमच्याकडेपण एक आला होता, ओरिजिनल डिस्चार्ज बुक मागत होता. ओरिजिनल कुणालाच द्यायचं नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो, आणि २०२५ पासून नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजना आलीय ज्यात सैनिक बोर्डांमध्येच कायदेशीर मदत केंद्रं सुरू करायचं ठरलंय, आपल्या कार्यालयात जाऊन विचारा.

उशीर झाला म्हणून केस जात नाही, कारण पेन्शन दर महिन्याला बुडतं. सुप्रीम कोर्टानं २००८ ला तरसेम सिंग केसमध्ये हे मानलं, पण थकबाकी केस टाकायच्या आधीच्या ३ वर्षांचीच मिळते असं सांगितलं. आम्ही २०१७ ला केस टाकली, थकबाकी २०१४ पासूनची मिळाली, २०११ ते २०१४ गेलं ते गेलंच. तुम्ही एक महिना उशिरा जाल तर एक महिन्याचे पैसे कायमचे जातात, एवढंच लक्षात ठेवा आणि केस टाका.

आमचा निकाल २०१९ ला लागला, ३० टक्के मान्य, ब्रॉड बँडिंग करून ५०. पैसे खात्यात यायला अजून सव्वा वर्ष लागलं. निकालात दिलेली मुदत संपली तर त्याच ट्रिब्युनलमध्ये अंमलबजावणीचा अर्ज टाकायचा, गप्प वाट बघत बसायचं नाही. कधी सरकार वर हायकोर्टात जातं, मग थांबावं लागतं.

बाकीच्या परिस्थिती

१० वर्षांच्या आत घरी आलात आणि नाना लिहिलंय, तर आधी वरच्यासारखं नानाला आव्हान द्या. त्यासोबत दुसरी वाट अशी की १६ जुलै २०२० च्या पत्रानं १० वर्षांच्या आतल्यांनापण इनव्हॅलिड पेन्शन (अनफिट ठरून घरी आलेल्यांचं पेन्शन) दिलंय, अट अशी की ४ जानेवारी २०१९ ला किंवा नंतर सर्व्हिसमध्ये असायला पाहिजे, आणि फौजेसोबतच नागरी नोकरीलापण कायमचा अयोग्य असायला पाहिजे. वर म्हटलं होतं ते हेच. इथं मात्र तुमचे नोकरी सुटल्याचे कागद, डॉक्टरांनी काय काय काम करू नका म्हटलंय ते, सगळं पुढं लावा. ह्या अटी ट्रिब्युनलनं काही केसमध्ये मान्य केलेल्या नाहीत, म्हणून तारखेत बसत नसाल तरी एकदा वकिलाला दाखवा. आणि ट्रेनिंगमध्येच घरी पाठवलेल्या रिक्रूट पोरांनो, सहा महिनेच झाले होते म्हणून आपल्याला काही नाही असं समजू नका, डिसॅबिलिटी पेन्शनला सर्व्हिसची कमीत कमी मर्यादा नाही.

आजार वाढला असेल तर टक्के परत तपासून घ्यायला रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो, मग मिलिटरी हॉस्पिटलमध्ये रीसर्व्हे बोर्ड होतं, आपल्याकडच्यांना बहुतेक पुण्याला जावं लागतं. त्याआधी वर्षभराचे उपचाराचे कागद जमवा, ईसीएचएस (माजी सैनिकांची उपचार योजना) पॉलिक्लिनिकचे असले तर उत्तम. पेन्शनवर आल्यावर नवा आजार निघाला आणि त्याचं मूळ सर्व्हिसमध्ये आहे असं डॉक्टर म्हणत असेल तर २००८ च्या नियमात ७ वर्षांच्या आत निघालेल्या आजाराला जागा आहे. स्वतःहून प्रीमॅच्युअर, म्हणजे टर्म संपायच्या आधी, निघालेल्यांना आधी देत नव्हते, २९ सप्टेंबर २००९ च्या पत्रानंतर १ जानेवारी २००६ किंवा नंतर निघालेल्यांना मिळतं.

आणि वहिनींनो, मिस्टर वारले असतील आणि त्यांचा क्लेम अर्धवट राहिला असेल तर त्यांच्या हयातीतली थकबाकी तुम्ही मागू शकता. मृत्यू त्याच मान्य झालेल्या आजारानं झाला असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन लागू होतं का ते विचारा, साध्या फॅमिली पेन्शनपेक्षा ते जास्त आहे. त्यासाठी मृत्यूच्या कागदावर डॉक्टरनं कारण काय लिहिलंय ते महत्त्वाचं, त्या वेळी घरात कुणाचं डोकं जागेवर नसतं मला माहितेय, म्हणून दिराला भावाला आधीच सांगून ठेवा की ‘हार्ट फेल’ एवढंच लिहून कागद घेऊन यायचं नाही, मूळ आजाराचं नाव लिहायला सांगायचं.

नवीन पीपीओ आला की स्पर्श ह्या फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर लॉगिन करून बघा, डिसॅबिलिटी एलिमेंट वेगळा दिसतो का, टक्के ५० आलेत का ३०, तो आयुष्यभरासाठी आहे का, बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का. आमच्यात माझ्या नावाची स्पेलिंग चुकली होती, ती दुरुस्त करायला चार महिने गेले. थकबाकीचा हिशोब स्वतः महिना महिना मांडून बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. हयातीचा दाखला दर वर्षी वेळेत द्या, मिस्टरांचा आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सीएससी सेंटरवर अंगठा लावून देतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना सकाळी लवकर जा, दोन झेरॉक्स सेट न्या, आणि जमलं तर सैनिकाला सोबत न्या.